पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे नोंदवावे : सुखद धक्क्यांची आणि अपेक्षाभंगांची वही

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि जिना उतरता उतरता सोबतचा कुणीतरी "कसा वाटला?" असे विचारतो. त्यावर "बरा होता", "ठीक आहे" किंवा "एकदा पाहायला हरकत नाही" यांपैकी एक उत्तर दिले जाते आणि विषय गाडी कुठे लावली होती याकडे वळतो. या उत्तरांतून विचारणाऱ्याला काही कळत नाही, हे एक वेळ चालेल. पण सहा महिन्यांनी तोच चित्रपट घरच्या पडद्यावर दिसला की आपण तो पाहिला होता का, आणि पाहिला असल्यास आवडला होता का, हे आपल्यालाच आठवत नाही, ही गोष्ट मात्र चुटपुट लावणारी असते. गोव्यातल्या फोंडा परिसरात राहणाऱ्या आम्हा सात-आठ जणांनी यावर उपाय म्हणून एक दोनशे पानी वही सुरू केली. ती आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी जाते, आणि ज्याने जो चित्रपट पाहिला त्याने त्याविषयी अर्धे पान लिहावे, एवढाच तिचा नियम आहे. पहिल्या वर्षीच्या नोंदी आज वाचवत नाहीत. पुढे चुकत चुकत जी पद्धत बसत गेली, ती येथे मांडत आहे. ज्यांना समीक्षक व्हायचे आहे त्यांना ती तोकडी वाटेल. आपले साधे मत चार ओळींत नीट सांगता यावे एवढीच ज्यांची इच्छा आहे, त्यांना ती पुरेशी आहे.

पद्धतीचा पाया एका साध्या निरीक्षणावर आहे. "अनपेक्षितपणे आवडला" आणि "निराशा झाली" ही दोन्ही वाक्ये जितकी चित्रपटाविषयी असतात, तितकीच चित्रपटगृहात शिरताना आपण जे गृहीत धरून गेलो होतो त्याविषयीही असतात. आमच्या जुन्या नोंदींत हे गृहीतक कुठेच लिहिलेले नव्हते. "अपेक्षाभंग" हा शब्द वहीत जागोजागी होता. अपेक्षा काय होती, याचा मात्र पत्ता नव्हता.

तिकिटाआधीची ओळ

म्हणून नोंदीची पहिली ओळ चित्रपट पाहण्यापूर्वी लिहावी. ती लांबलचक नको. आपण या चित्रपटाविषयी काय ऐकले आहे, ते कुणाकडून ऐकले आहे आणि त्यावरून आपल्याला काय मिळेल असे वाटते, या तीन गोष्टी एका वाक्यात याव्यात. वही हाताशी नसल्यास मोबाइलमध्ये लिहून ठेवावे आणि नंतर उतरवावे. आठवणीवर विसंबू नये, कारण चित्रपट पाहून झाल्यावर आपली अपेक्षा काय होती हेही माणूस सोयीने बदलतो. न आवडलेल्या चित्रपटाबद्दल "मला आधीपासूनच शंका होती" असे म्हणणारे आमच्यात तिघे आहेत. पहिली ओळ सक्तीची झाल्यापासून त्यांची ही शंका एकदाही आगाऊ नोंदली गेलेली नाही.

ही ओळ लिहिताना अपेक्षा कुठून आली हे आवर्जून पाहावे, कारण प्रत्येक उगमाची फसवण्याची तऱ्हा वेगळी असते. ट्रेलर हा दोन-तीन मिनिटांचा असतो आणि त्यात बहुधा सर्वांत वेगवान प्रसंग आणि सर्वांत खटकेबाज संवाद निवडलेले असतात. त्यामुळे संथ चालीचा चित्रपटही ट्रेलरमध्ये धावताना दिसतो. आवडत्या नटाचे नाव पाहून गेलो तर आपण खरे म्हणजे त्याची मागची भूमिका पुन्हा पाहायला निघालेलो असतो. पुरस्काराचे ओझे आणखी निराळे. 'श्वास' या चित्रपटाला २००४ साली राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. १९५४ सालच्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत 'श्यामची आई'ने ते पटकावल्यानंतर मराठी चित्रपटाला हा मान मिळायला पन्नास वर्षे जावी लागली होती, आणि वर्तमानपत्रांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की नंतर तो पाहायला गेलेला प्रेक्षक एका म्हाताऱ्या आजोबांची आणि त्यांच्या नातवाची गोष्ट पाहायला न जाता पन्नास वर्षांचा हिशेब पाहायला गेला. त्या साध्या, कमी बोलणाऱ्या चित्रपटावर असा हिशेब लादणे अन्यायाचे होते. पुरस्कार ऐकून जाणाऱ्याने पहिल्या ओळीत "पुरस्कारप्राप्त" असे लिहून थांबू नये. पुरस्कार मिळाला म्हणजे मला पडद्यावर नेमके काय दिसेल असे वाटते, तेही लिहावे. बहुतेक वेळा तिथे आपली लेखणी अडते, आणि ती अडली की आपली अपेक्षा किती धूसर होती हे कळून येते.

गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाची आणखी एक अडचण आहे. अनेक मराठी चित्रपट आपल्याकडे मोजक्याच पडद्यांवर लागतात, दिवसाला एखादाच शो असतो आणि तोही भलत्या वेळी. तोवर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी तो पाहून फोनवर त्याची भरभरून स्तुती केलेली असते. मावशीने "रडून रडून डोळे सुजले" असे सांगितलेले असेल तर आपण रुमाल घेऊन जातो, आणि डोळे कोरडे राहिले की दोष चित्रपटाच्या माथी मारतो. माझ्या नोंदींतले निम्मे अपेक्षाभंग अशा उसन्या स्तुतीचे आहेत, हे मला पहिल्या ओळी लागोपाठ वाचल्यावर कळले. आता कुणी फोनवर चित्रपटाची तारीफ करू लागले की मी "पाहून आल्यावर बोलू" असे सांगून मुलांच्या परीक्षांकडे विषय वळवतो. हे थोडे उद्धटपणाचे दिसते, पण उपयोगी पडते.

याच्या नेमका उलट अनुभव नोव्हेंबरात पणजीत येतो. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, १९५२ साली मुंबईत सुरू झाला, पुढे वेगवेगळ्या शहरांत फिरला आणि २००४ पासून गोव्यात स्थिरावला. अलीकडे तो साधारणपणे २० ते २८ नोव्हेंबर या काळात भरतो. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातला मल्टिप्लेक्स, शेजारचा मॅकिनेझ पॅलेस आणि कांपालची कला अकादमी या परिसरात त्या दिवसांत प्रतिनिधींची ये-जा चालू असते. इफ्फीत ज्या देशाचा एकही चित्रपट आपण पूर्वी पाहिलेला नाही, त्या देशाच्या एखाद्या नवख्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला आपण माहितीपत्रकातल्या तीन ओळी वाचून, आणि खरे सांगायचे तर शेजारच्या पडद्यावरची जागा भरल्यामुळे जाऊन बसतो. अपेक्षा जवळजवळ शून्य असते. आमच्या वहीतले सर्वाधिक सुखद धक्के त्या नऊ दिवसांतले आहेत, यात नवल नाही. मात्र यावरून परदेशी चित्रपट सरस आणि आपले सुमार असा निष्कर्ष काढणारा एक मित्र आमच्यात होता. त्याला आम्ही दोन्हीकडच्या पहिल्या ओळी शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा तो थोडा नरमला.

पाहताना काय टिपावे

अंधारात लिहू नये. मोबाइलचा पडदा उजळला की मागच्या तीन रांगांचे लक्ष विचलित होते, आणि लिहिणाऱ्याचेही अर्धे लक्ष शब्द जुळवण्यात जाते. पाहताना फक्त तीन गोष्टी मनात धराव्यात : डोळ्यांपुढून हलत नाही असे एक दृश्य, कानात राहिलेला एक आवाज, आणि आपले लक्ष पहिल्यांदा भरकटले तो क्षण. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. आपण घड्याळ पाहिले ते कोणत्या प्रसंगात, हे आठवले की "दुसरा भाग संथ वाटला" या मोघम वाक्याच्या जागी "बहिणींचे भांडण मिटल्यावरही चित्रपट वीस मिनिटे चालू राहिला" असे नेमके वाक्य लिहिता येते.

मध्यंतराचा आपल्याला उपयोग करून घेता येतो. दिवे लागताच पुढे काय होईल असे वाटते ते एका ओळीत लिहावे. पुढे तसेच घडले तर तो कथेचा दोष असतोच असे नाही, कारण काही कथांमध्ये शेवट आधी ठाऊक असणे हेच खरे दुःख असते. पण तसेच घडले आणि त्याचा आपल्याला कंटाळाही आला, तर त्या कंटाळ्याचे कारण आपल्या हाती लागते. परदेशी चित्रपट मध्यंतर गृहीत धरून बांधलेले नसतात. आपल्याकडे ते नेहमीच्या खेळांत मध्येच कुठेतरी थांबवले जातात, कधी कधी भर वाक्यात. अशा तुटक पाहण्यामुळे लय बिघडली असेल तर तसे नोंदीत म्हणावे आणि दिग्दर्शकाला त्यातून मोकळे करावे.

आता गोवेकर मराठी प्रेक्षकाच्या एका सवयीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या वहीतली बरीच मते या सवयीने वाकडी झाली होती. आपल्यातले बहुतेक जण नाटकावर वाढले आहेत. देवळाच्या प्रांगणात काल्याला किंवा जत्रेला रात्रभर चालणारी मराठी नाटके, संगीत नाटकांतली पदे, पेडण्याकडचे दशावतारी खेळ, आणि शेजारी तियात्र हे कोकणी नाटक, हे सगळे कानांवर पडत आले आहे. त्यामुळे आपण चित्रपटही नाटकाच्या कानांनी पाहतो. संवाद खणखणीत झाले, नटाने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज लावला, दोन गाणी गुणगुणत बाहेर आलो, तर चित्रपट चांगला. पात्रे गप्प बसली, कॅमेरा हलला नाही, तर "काही घडतच नाही". वास्तविक नाटकात जे काम संवाद करतो ते चित्रपटात पुष्कळदा दोन दृश्यांमधली जोडणी, बाहेरून येणारा आवाज किंवा रिकामी राहिलेली चौकट करत असते. म्हणून आम्ही एक अट घातली : प्रत्येक नोंदीत किमान एक वाक्य असे हवे की ज्यात संवाद, अभिनय आणि गाणी यांचा उल्लेखच नसेल. पहिले काही आठवडे सगळे कुरकुरले. एका वहिनींनी तर "पंखा सारखा फिरत होता" एवढेच लिहिले. पण तो पंखा दिग्दर्शकाने चार वेळा का दाखवला, यावर पुढे अर्धा तास चर्चा झाली.

नमुन्यादाखल माझीच एक नोंद देतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला होता आणि मी तो पुढे उशिरा पाहिला.

"जाण्यापूर्वी : न्यायालयावरचा पुरस्कारप्राप्त चित्रपट. जोरदार युक्तिवाद, उलटतपासणीत साक्षीदाराची भंबेरी आणि शेवटी एक मोठे भाषण असेल. पाहिल्यानंतर : यातले काहीही नाही. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आहे, आणि सरकारी वकील कायद्याची कलमे पाढे म्हटल्यासारखी वाचून दाखवते. नंतर तीच बाई लोकलने घरी जाते, मुलाला घेऊन येते, रात्रीचा स्वयंपाक करते. कॅमेरा लांब उभा राहून नुसता पाहत असतो. पहिली वीस मिनिटे मी अस्वस्थ होतो, कारण मी भाषणाची वाट पाहत होतो. संवाद सोडून : माणसे निघून गेल्यावरही दृश्य लगेच बदलत नाही, त्यामुळे तारीख पडणे म्हणजे काय ते अंगावर येते. वजाबाकी : मला नाटक हवे होते, ते मिळाले नाही, त्याचा राग वजा केला तर हा मी पाहिलेल्या सर्वांत सच्च्या चित्रपटांपैकी एक आहे."

वजाबाकीची ओळ

नोंदीतली शेवटची ओळ वरच्या नमुन्यात आली आहे. आम्ही त्या ओळीला वजाबाकी म्हणतो : पाहून झाल्यावर जे वाटले त्यातून पाहण्यापूर्वी जे वाटत होते ते वजा करायचे आणि काय उरते ते लिहायचे. हे करण्यासाठी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. त्याच रात्री फक्त पाच-सहा शब्द टिपावेत, कारण दृश्ये लवकर पुसट होतात. निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लिहावा. रात्री लिहिलेला निकाल टाळ्यांनी किंवा जांभयांनी भारलेला असतो.

निराशा झाली असेल तर वजाबाकी करताना ती कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे. चित्रपट खरोखर फसलेला असू शकतो : कथेत जे घडते त्याला कारण नाही, पात्रे लेखकाच्या सोयीने वागतात, विनोद शेजारच्याच्या व्यंगावर बेतलेले आहेत. अशा वेळी बिनदिक्कत तसे लिहावे आणि एक उदाहरण द्यावे. दुसरी शक्यता अशी की चित्रपट ठीक आहे, पण आपण दुसराच कुठला तरी चित्रपट पाहायला गेलो होतो. तिसरी शक्यता माणसे सहसा कबूल करत नाहीत : त्या दिवशी आपणच पाहण्याच्या अवस्थेत नव्हतो. महोत्सवात दिवसातला चौथा चित्रपट रात्री दहाला पाहताना डोळे मिटत असतील, तर त्या चित्रपटाविषयी मत देण्याचा अधिकार आपण गमावलेला असतो. एका सभागृहात आवाज इतका घुमत होता की आम्हाला निम्मे संवाद कळलेच नाहीत, आणि तरी आमच्यातल्या दोघांनी पटकथा विस्कळीत असल्याचा शेरा मारला. पावसाळ्यात घरी पाहत असताना तीनदा वीज गेली, चवथीच्या दिवसांत पंधरा माणसांच्या गोंगाटात, फुगड्यांचा आवाज ऐकत, पाहिला, मोबाइलवर बसमध्ये तुकड्या-तुकड्यांनी पाहिला, हे सगळे नोंदीत स्पष्टपणे लिहावे. कुठे, कोणत्या पडद्यावर, कुणाबरोबर आणि किती बैठकांत पाहिला, याला एक ओळ पुरते.

मागे एका कौटुंबिक विनोदी चित्रपटावर मी अर्धे पान भरून आग पाखडली होती. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. ताईने ती नोंद वाचली आणि विचारले, "अरे, तुला चित्रपट आवडला नाही, की आम्ही सगळ्या परस्पर जाऊन आलो आणि तुला एकट्याला जावे लागले ते आवडले नाही?" मी पुन्हा नोंद वाचली. तक्रारी खऱ्या होत्या, दोन विनोद शिळे होते, शेवट गुंडाळलेला होता. पण त्या तक्रारींची धार चित्रपटातून आलेली नव्हती. मी वजाबाकीची ओळ नव्याने लिहिली : "चारचौघांत पाहिला असता तर हसलो असतो, एकट्याने पाहण्याजोगा नाही." हे मत आजही मला योग्य वाटते, आणि वाचणाऱ्यालाही त्यातून काय करायचे ते कळते.

सुखद धक्क्याचीही अशीच तपासणी करावी, किंबहुना थोडी अधिक कडक. "एवढा वाईट नव्हता" आणि "चांगला होता" यांत अंतर आहे. सगळ्यांनी टाकाऊ ठरवलेला चित्रपट जेमतेम सुसह्य निघाला की आपल्याला शोध लावल्याचा आनंद होतो, आणि त्या भरात आपण तो दहा जणांना सुचवतो. ते दहा जण मात्र आपली स्तुती ऐकून गेलेले असतात. पुढे काय होते, ते फोनवरच्या मावशीच्या उदाहरणावरून स्पष्ट आहे.

शब्द आणि पथ्ये

घरात कोकणी आणि कागदावर मराठी अशी ज्यांची वहिवाट आहे, त्यांनी एका शब्दाविषयी फार सावध राहावे. कोकणीत "बरें आसा" म्हणजे चांगले आहे. ती मोकळ्या मनाने दिलेली पसंती असते. मराठीत "बरा आहे" म्हणजे जेमतेम, चालेल असा. आमच्यातल्या एका काकांनी मनापासून आवडलेल्या सहा चित्रपटांपुढे "बरा" असे लिहिले होते, आणि सावंतवाडीहून आलेल्या पाहुण्याने वही चाळून "तुमच्या काकांना काहीच कसे आवडत नाही?" असे विचारले. तेव्हापासून "बरा" हा शब्द वहीतून हद्दपार आहे. त्याच्याच पंगतीला "छान", "मस्त", "श्रवणीय", "कसदार अभिनय" आणि "विचार करायला लावणारा" हे शब्द बसवले आहेत. परीक्षा सोपी आहे : नोंदीतले चित्रपटाचे नाव झाकावे आणि तीच नोंद दुसऱ्या एखाद्या चित्रपटाला लागू पडते का ते पाहावे. लागू पडत असेल, तर ती अजून लिहायची आहे.

कथा किती सांगावी, हा नेहमीचा वाद. सरसकट नियम येथे चालत नाही. 'श्वास'मधल्या नातवाला शस्त्रक्रियेनंतर दिसणार नाही, हे आधी सांगितले तरी चित्रपट शाबूत राहतो, कारण त्याचे बळ आजोबा ही गोष्ट कशी पेलतात यात आहे. उलट २०२३ साली आलेल्या 'वाळवी'सारख्या चित्रपटात कट शिजतो आहे एवढे सांगून गप्प बसावे. त्यापुढचे एक वाक्य बोललो तरी ऐकणाऱ्याचे तिकीट वाया गेले. शंका असेल तर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांपलीकडचे काही लिहू नये. कथेचा परिचय दोन वाक्यांत बसतो. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या २००९ सालच्या 'पलतडचो मुनीस' या कोकणी चित्रपटाविषयी आमच्या वहीत एवढेच आहे : "जंगलात एकटा राहणाऱ्या विधुर वनरक्षकाला एक वेडसर बाई सापडते. तो तिला आसरा देतो, आणि गावाला ते खपत नाही." वाचणाऱ्याला चित्रपटाची जात कळते, आणि पाहण्यासारखे सगळे शिल्लक राहते.

तारे देऊ नयेत. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि महिनाभरात सगळ्याच चित्रपटांना तीन किंवा साडेतीन पडू लागतात. त्याऐवजी आम्ही दोन प्रश्नांची उत्तरे लिहितो. घरी दूरचित्रवाणीवर लागला असता तर चहा ठेवायला उठलो असतो का, आणि उठलो असतो तर कोणत्या प्रसंगाला? आणि वाळपईहून किंवा काणकोणहून बसने येणाऱ्याला, तिकीट, प्रवास आणि परतीच्या गाडीची धास्ती हे सगळे धरून, मी हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहा असे सांगेन का? दुसऱ्या प्रश्नाने माणूस फार लवकर प्रामाणिक होतो. पुष्कळ चित्रपटांना "घरी आला की पाहा" हे उत्तर मिळते, आणि त्यात त्यांचा अपमान नाही.

कुणाला पाहू द्यावा, हेही मतात आले पाहिजे. मुलांसह जाणाऱ्या कुटुंबासाठी चित्रपटाच्या आरंभी दिसणारे प्रमाणपत्र वाचून त्याची श्रेणी लिहावी. २०२४ पासून यूए या श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, त्यामुळे ही माहिती पूर्वीपेक्षा उपयोगी आहे. त्याच प्रमाणपत्रावर लांबीही असते. आजीला सोबत न्यायचे असेल तर तीही सांगावी.

राहिला गोव्याचा प्रश्न. पडद्यावर गोवा आला की आपले निम्मे लक्ष चुका शोधण्यात जाते. नायक पणजीहून निघतो, एक वळण घेतो आणि थेट काणकोणच्या किनाऱ्यावर उतरतो. प्रत्येक ख्रिस्ती पात्राच्या हातात बाटली असते. हिंदू गोवा, त्यातली देवळे, कुळागरे, मराठी वाचणारी घरे, जवळजवळ नसतातच. या तक्रारींना नोंदीत जागा द्यावी, पण त्यांची प्रतवारी करावी. रस्ता चुकला, तर ती आपल्यापुरती गंमत आहे. चापोरा किल्ल्यावर बसून समुद्र पाहणाऱ्या तीन मित्रांचे 'दिल चाहता है'मधले ते २००१ सालचे दृश्य आठवताना त्या किल्ल्यावर गाडी कुठवर जाते हे कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. माणसेच चुकीची दाखवली असतील, तर तो दोष कथेचा आहे आणि तो ठणकावून लिहावा. आमच्या वहीत या दोन प्रकारांसाठी समासात निरनिराळ्या खुणा आहेत. पहिल्या खुणा अर्थातच कितीतरी अधिक आहेत.

नोंद पुन्हा उघडताना

मत बदलले तर जुनी नोंद खोडू नये. खाली जागा सोडून, वेगळ्या शाईने, दुसऱ्यांदा पाहिल्याची तारीख आणि दोन ओळी लिहाव्यात. दुसऱ्या वेळी अपेक्षेची ओळ आपोआप तयार असते, कारण आपली पहिली नोंद हीच आता आपली अपेक्षा असते, आणि म्हणून ती पाहण्यापूर्वी वाचू नये. पाहून झाल्यावर वाचावी. आम्ही हे काम मुख्यतः जून-जुलैत करतो, जेव्हा पावसामुळे बाहेर पडणे नकोसे होते. गेल्या पावसाळ्यात उघडलेल्या अकरा नोंदींपैकी चार ठिकाणी निळ्या आणि लाल शाईचे पटले नाही, आणि त्या चारांपैकी तीन ठिकाणी पहिल्या ओळीत "फार ऐकले आहे" असे शब्द होते. इफ्फीत पाहिलेल्या बऱ्याच चित्रपटांखालची जागा मात्र अजून कोरीच आहे. ते चित्रपट पुन्हा कुठल्या पडद्यावर आले नाहीत, आणि काहींची नावे आम्ही उच्चारावरून लिहून घेतल्यामुळे ती शोधूनही सापडत नाहीत. त्यामुळे आता महोत्सवातल्या प्रत्येक नोंदीत चित्रपटाचे मूळ नाव, देश आणि वर्ष माहितीपत्रकातून जसेच्या तसे उतरवून घेण्याचा नियम केला आहे.